बॅरिस्टरसाहेबांचा गाऊन

मित्रांनो, गाऊन म्हटलं की तुम्हाला आईचा फुलाफुलांचा गाऊन आठवतो. मी तो नव्हे. मी काळा, बिनफुलांचा, लंडनच्या शिंप्याने शिवलेला, बॅरिस्टर रुपरावांचा वकिलीचा गाऊन आहे.

शिकून परत येताना साहेबांना बोट इतकी लागली, की मला पांघरून ते मुंबईपर्यंत पडूनच होते. पुढे नागपुरात त्यांची वकिली गाजली, ते निवडणूक जिंकले आणि ऐन युद्धात दिल्लीत मंत्री म्हणून त्यांच्याकडे आरमाराचं काम आलं. गावातले लोक म्हणाले, "अंबाझरी तलावापलीकडं पाणी पाह्यलं का साहेबानं?" साहेबही हसले.

दिल्लीच्या कचेरीत त्यांनी मला समोरच्या खुंटीवर टांगलं. "इथं जज्ज नाही कोणी. तू लक्ष ठेव," म्हणाले.

थंडीत एका दुपारी उमरेडकडच्या रुख्मिणीबाई आल्या. त्यांचा मुलगा ज्या जहाजावर होता, ते बुडालं होतं. बाई कुडकुडत होत्या. साहेबांनी मला त्यांच्या खांद्यावर घातलं.

"माहा पोरगा सापडला का जी?"

"अजून नाही, माय. शोधून राहिले. खोटं नाही सांगत तुले."

पुढे तो सापडला. हात मोडलेला, पण जिवंत.

साहेब गेले आणि मी रामदासपेठेतल्या घरी पेटीत गेलो. नातसून कामिनी दर हिवाळ्यात मला ऊन दाखवायची. मग तिची धावपळ वाढली, ते राहून गेलं. माझी तक्रार नाही. डांबराच्या गोळ्या वेळेवर मिळत होत्या.

परवा कामिनीने बाजारातून कामवाल्या इंदूबाईंना फोन केला. "भांडेवाली आली तर जुना गाऊन देऊन टाका." इंदूबाईंनी घरातला सगळ्यात जुना गाऊन शोधून काढला. त्यांचं काय चुकलं?

जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ती भांडेवाली म्हणजे कौसल्या. तिने मला झटकलं. "हा काय गाऊन व्हय वं? भुतीण घालत होती का?"

"कापड पाह्य ना. मोठं पातेलं दे."

"पिशव्या निघतील याच्या. कापतो घरी जाऊन."

पातेलं घरात गेलं, मी गाठोड्यात. तेवढ्यात कामिनी आली. बाहेर लोंबणारी बाही तिने ओळखली.

"अहो इंदूबाई, हा आजोबांचा आहे."

"तुमीच तं गाऊन म्हणाल्या, ताई. मले काय माहीत, माणसंही गाऊन घालतात."

"सौदा झाला आता," कौसल्या म्हणाली.

कामिनी पायरीवर बसली आणि तिने रुख्मिणीबाईंची हकिकत सांगितली. कौसल्येने गाठोड्यावरचा हात काढला नाही.

"मंग, सापडला पोरगा?"

"सापडला."

कौसल्येने मला बाहेर काढलं, नीट घडी घातली. "घ्या. पण फुलाचे दोन गाऊन लागतील. पातेलं मोठं आहे."

त्या दोन गाऊनांचे उपकार मी विसरणार नाही. आज गच्चीवर उन्हात पसरलोय, पाठ छान शेकतेय.

मित्रांनो, जुनं द्यायला हरकत नाही. पण आधी उलगडून बघा. हे कोणाच्या खांद्यावर होतं, ते घरात विचारा. ज्याला ठाऊक आहे ते माणूस बाजारात गेलं असेल, तर ते येईपर्यंत भांडेवालीला पाणी द्या, बसवून ठेवा.