मागच्या चाकांजवळचं शिसं

महबूबभाईंनी गाडी अंगठ्यावर आडवी धरली. वीतभर लांबीची, दोन्ही टोकांना निमुळती, तेल पाजून गुळगुळीत केलेली. ती जराही कलली नाही.

"बघ, गुंजभर इकडं न्हाय की तिकडं न्हाय."

"अब्बा, तिथंच तर चुकलंय," झीनत म्हणाली.

झीनत त्यांची लेक, आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायची. संस्थेच्या मेळाव्यात यंदा लाकडी गाड्यांची शर्यत होती. मोटर नाही, सेल नाही. पोटात शिसं घालून दीडशे ग्रॅम भरवलेली गाडी प्लायवूडच्या उतारावरून सोडायची, जी आधी पोचेल ती जिंकली. बाहेरच्या कारागिरांनाही मुभा होती, म्हणून तिनं न विचारताच अब्बांचं नाव देऊन टाकलं होतं.

"उतारावर गाडीचा मागचा भाग वर असतो ना? वजन तिथं असलं की ते जास्त उंचावरून खाली येतं. शिसं मागच्या चाकांजवळ बसवा."

महबूबभाईंना ते लगेच पटलं. पण हात काही पुढं होईना.

चाळीस वर्षं त्यांनी यंत्रमागाचे धोटे केले होते. पोटात सुताची कांडी घेऊन दिवसभर या टोकाकडून त्या टोकाकडं धावायचं, एवढंच धोट्याचं काम. तो नीट धावला तर कुणी केला हे कोण विचारतो? पुढं बिनधोट्याचे माग आले आणि तेही संपलं. आता सहासष्टाव्या वर्षी त्यांना हाव सुटली होती, खोटं कशाला बोला! चारचौघांनी विचारावं, ही गाडी कुणाची म्हणून.

पण एका टोकाला जड अशी वस्तू त्यांनी जन्मात एकदाच हातावेगळी केली होती. एकतीस वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर. अक्कलकोट रोडवरच्या एका कारखान्याचा माणूस दारात खोळंबला होता. शेवटचा, बारावा धोटा अंगठ्यावर ठेवताच एका बाजूला झुकला. महबूबभाईंनी पाहिलं आणि तसाच दिला. चौथ्या दिवशी तो मागावरून उडाला आणि माग चालवणाऱ्या सिद्धारामचा डावा डोळा घेऊन गेला. कारखान्यात सगळ्यांनी धोटा फेकणाऱ्या पट्ट्याला दोष दिला. सिद्धाराम त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. त्यानं कधी काही विचारलं नाही आणि यांच्या तोंडून कधी निघालं नाही. रोजचा चहा मात्र चुकला नाही.

शेवटी हावेनं जोर केला. शिसं मागं गेलं.

मेळाव्याला सिद्धाराम आलाच. उताराच्या शेवटी गाड्या अडवायला चादरीची जाड घडी ठेवली होती, तिच्यामागं तो ऐसपैस मांडी घालून बसला. पहिल्या दोन फेऱ्या महबूबभाईंच्या गाडीनं लीलया मारल्या. "कुणाची हो गाडी?" कुणीतरी विचारलंच. "धोटेवाल्या महबूबभाईंची," झीनतनं मोठ्यानं सांगितलं. म्हातारा आतून फुलून गेला.

तिसऱ्या फेरीला उतार जिथं सपाट होतो तिथं गाडीची पुढची चाकं उचलली. गाडीनं रेष आधी ओलांडली खरी, पण उडी मारून चादरीवरून गेली आणि सिद्धारामच्या छातीवर आदळली.

सिद्धाराम खो खो हसला. "जोर लई हाय की रं हिच्यात!"

पंचांनी फेरी जिंकलेली धरली. अंतिम फेरी तेवढी राहिली. महबूबभाईंनी गाडी उलटी केली, स्क्रू काढले आणि शिसं मधोमध बसवायला घेतलं.

"अब्बा, हरू आपण!"

"हरू."

गाडी सरळ रेषेत आली, चादरीला टेकली आणि थांबली. हातभर अंतरानं हरली. टाळ्या वेल्डिंगवाल्या मास्तरांच्या गाडीला मिळाल्या. झीनतचा चेहरा पडला होता. महबूबभाईंनाही वाईट वाटलं, भरपूर वाटलं.

पांगापांग झाल्यावर ते सिद्धारामजवळ जाऊन बसले.

"जिंकत हुतास की लेका. काढलंस कशाला?"

"सिद्धाराम," महबूबभाई म्हणाले, आणि मग थांबता येईना. "त्यो धोटा माझा हुता. एका अंगाला जड हुता. मला दिसलं हुतं. तरी दिला."

सिद्धाराम चादरीची घडी सारखी करत राहिला.

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "पयली कांडी घालायला हातात घेतला तवाच कळलं. एक टोक खाली जात हुतं. मुकादम डोक्यावर बसलेला, दिवाळीचा माल. मी बी चालवलाच की."

महबूबभाईंनी विचारलं, "मग इतकी वर्सं गप का बसलास?"

"बोललो असतो तर तू चहाला आला असतास व्हय?"

आवारात आता खुर्च्या गोळा करायचं काम चाललं होतं. चहा आला. महबूबभाई एकतीस वर्षं सिद्धारामच्या डाव्या बाजूलाच बसत आले होते, त्याला दिसत नसे त्या बाजूला. आत्ताही तिथंच होते. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, दोन्ही कप घेतले आणि उजवीकडं जाऊन बसले.