चौदा नंबरची तार

सुधाकरने कागदावर चौदा हा आकडा लिहिला आणि तारयंत्राच्या किल्लीवरचा हात काढून घेतला. मजकूर तेवढाच होता. खाली पाठवणाऱ्याचं नाव, उत्तमराव. आईला केलेल्या तारेतही 'राव' लावायला विसरला नव्हता.

बीबी गावच्या पुंजाजींचा हा एकुलता मुलगा, औरंगाबादेत मोठ्या हुद्द्यावर. पुंजाजी पहाटे गेले. 'वडील वारले, ताबडतोब नीघ, थांबलो आहोत,' ही तार सकाळी सुधाकरनेच केली होती. तेव्हापासून प्रेत अंगणात होतं आणि आता उन्हं उतरायला लागली होती.

ठरावीक मजकुरांना नंबर असत. तारेतून नुसता आकडा जायचा आणि पोचेल तिथल्या बाबूने पुस्तकात बघून वाक्य उतरवायचं. नव्या पुस्तकात चौदा म्हणजे 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.'

सुधाकरला शिसारी आली. सोयऱ्याच्या सोयऱ्याला पाठवायचं वाक्य सख्ख्या आईला? पण पुस्तक महिन्यापूर्वीच बदललं होतं. त्याने कपाटातून जुनं काढलं. त्यात चौदा म्हणजे 'निघालो आहे, वाट पाहा.' त्याचा जीव भांड्यात पडला. तरी खात्री करावी म्हणून त्याने औरंगाबादला विचारलं, कोणतं पुस्तक?

नवं, असं उत्तर आलं. गृहस्थांनी स्वतः वाचून निवडलं. घाईत होते, गेले.

तार द्यायला तो स्वतःच गेला. अंगणातली माणसं उठून उभी राहिली. पुंजाजींचा पुतण्या शेषराव पुढे आला.

"काय म्हणते, बाबू? येऊन राह्यला ना?"

सुधाकरने वाक्य वाचून दाखवलं. तोंडात माशी गेल्यासारखं झालं त्याला.

मनकर्णाबाई नवऱ्याच्या उशाशी बसल्या होत्या.

"मंग? पुढं काय लिवलं?"

"पुढं काही नाई, काकू. हे वाक्य बी त्याचं नाई, पुस्तकातलं हाये. त्यानं निस्ता नंबर पाठोला."

शेषराव कुंपणापाशी जाऊन थुंकला.

"लाज नाई बे त्याले!"

मनकर्णाबाईंनी नवऱ्याच्या अंगावरचं धोतर नीट केलं.

"शेषराव, मडकं तू धर. उचला आता."

माणसं कामाला लागली. सुधाकर वळला, तशी मनकर्णाबाईंनी हाक मारली.

"बाबू, आभाराले बी नंबर असन ना तुमच्या पुस्तकात?"

"हाये, काकू."

"तोच पाठवा त्याले."