मूक प्रार्थनेतलं नाव

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याकडून दौलतगंजला जाणाऱ्या एका गल्लीत लहानसं चर्च आहे. सकाळी तिथे हिंदी उपासना होते आणि तिला जागा पुरत नाही. दुपारी मराठी उपासना होते आणि मागची बाकं रिकामी राहतात. पाळक शरच्चंद्र वाघचौरे दोन्ही उपासना घेत, पण त्यांचा जीव दुपारच्या उपासनेत होता. ते मूळचे नगरकडचे. बायको वारल्यापासून चर्चमागच्या दोन खोल्यांत एकटेच राहत.

उपदेश संपला की ते मूक प्रार्थना घेत. ती पद्धत त्यांनीच सुरू केली होती. माणसं देवाशी फार बोलतात आणि त्याला बोलायला जागाच ठेवत नाहीत, असं त्यांचं मत होतं. तेवढा वेळ सगळे माना खाली घालून बसत. आत कोणी बोलत नसे. बाजारातले हॉर्न तेवढे ऐकू येत.

डिसेंबरातल्या एका धुकट रविवारी त्यांनी पवित्र शास्त्रातल्या शमुवेलावर उपदेश केला. मंदिरात झोपलेल्या पोराला देव नाव घेऊन हाक मारतो आणि पोराला वाटतं, म्हातारा याजक एलीच बोलावतोय. पाळक त्या दिवशी एलीबद्दलच जास्त बोलले. हाक त्याच्याच छपराखाली आली, पण त्याच्या कानापर्यंत पोचली नाही. दुसऱ्याने ऐकलेल्या हाकेवर विश्वास ठेवणं, एवढंच त्याच्या हाती उरलं. मग नेहमीप्रमाणे मूक प्रार्थना झाली. पाळकांनी डोकं वर केलं तेव्हा सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

उपासना संपल्यावर रुचिका दारात थांबली. ती दातांची डॉक्टर, आणि चर्चच्या मंडळीत कीबोर्ड वाजवायची. दिनकररावांना काय झालंय, असं तिनं विचारलं. दिनकरराव महिनाभर उपासनेला आले नव्हते, एवढंच पाळकांना माहीत होतं. ती का विचारतेय, ते त्यांना कळेना.

"तुम्ही आत्ता त्यांचं नाव घेतलंत ना, मूक प्रार्थनेत," ती म्हणाली. "दोनदा. सबने सुना, पाळकसाहेब."

पाळकांनी तोंडही उघडलं नव्हतं. त्यांनी मंडळीचे सेक्रेटरी लक्ष्मीकांत यांना विचारलं. त्यांनीही ऐकलं होतं. म्हाताऱ्या कुसुमताईंना ऐकू कमी येतं, एरवी शेजारी बसून ओरडावं लागतं. त्या म्हणाल्या, अगदी कानाशी येऊन बोललात.

पुण्या-नागपूरला गेलेल्या लोकांसाठी रुचिका उपासनेचं मोबाईलवर रेकॉर्डिंग करत असे. तिनं, लक्ष्मीकांतांनी आणि पाळकांनी मिळून ते पाहिलं. पाळक मान खाली घालून उभे होते, ओठ मिटलेले. बाहेर कुठे तरी एक स्कूटर सुरू होत होती. नाव कुठेच नव्हतं. पण एका क्षणी, कोणी दोरी ओढल्यासारखी, सगळ्या बाकांवरची डोकी एकदम वर झाली होती.

पाळक तसेच दौलतगंजला गेले. दिनकरराव बँकेतून निवृत्त झालेले, तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. दाराच्या कडीला दुधाच्या पिशव्या तशाच लटकत होत्या. शेजाऱ्यांनी आतली कडी तोडली. दिनकरराव न्हाणीघरात पडलेले होते, खुब्याचं हाड मोडलेलं, अंग गार, पण शुद्धीवर होते. पाळकांना पाहून त्यांना नवल वाटलं नाही.

"बाहेरून हाका मारत होतात सकाळपासून," ते म्हणाले. "मी ओ देत होतो. तुम्हाला ऐकूच जाईना."

सकाळपासून पाळक चर्चमध्ये होते.

दिनकरराव वाचले. मंडळीत आनंदीआनंद झाला. लोक पाळकांच्या हाताला हात लावून बघायला लागले. ते सांगत राहिले की मी काही बोललो नाही, मला काही ऐकूही आलं नाही, आणि लोकांना तो त्यांचा विनय वाटला. घरी मात्र त्यांना चैन पडेना. ते शास्त्र मोठ्यानं वाचायला बसत आणि मध्येच थांबत. आपलाच आवाज, पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला कोणी तरी वाचतंय असं वाटे. एलीला ऐकू आला नाही तो निदान दुसऱ्या कोणाचा आवाज होता. ह्यांना तर स्वतःचाच ऐकू येत नव्हता.

काही रविवार गेले. मग पुन्हा डोकी वर झाली. या वेळी नाव होतं शामलाबाईंचं.

शामलाबाई शाळेत संगीत शिकवायच्या. उपासनेतल्या गायनांच्या चालींवरून लक्ष्मीकांतांशी त्यांचं वाजलं आणि त्यांनी चर्च सोडलं होतं. पाळक जवळजवळ धावतच त्यांच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडलं. ठणठणीत होत्या, हातात विणकाम होतं. पाळकांनी गॅसची नळी पाहिली, गीझर पाहिला, बीपीच्या गोळ्या घेताय का ते विचारलं, डॉक्टरला दाखवून घ्या म्हणाले. त्या हसत मागेमागे फिरत होत्या. मग म्हणाल्या, बसा ना थोडं, पेटी काढते, कितीक दिवसांत कोणाबरोबर गायले नाहीये.

पाळक बसणारच होते. तेवढ्यात शामलाबाईंनी विचारलं, "आणि ते जिन्यात कोणाशी बोलत होतात? त्यांनाही बोलवा की आत."

पाळक एकटेच आले होते, आणि जिना चढताना एक शब्दही बोलले नव्हते. पुन्हा येतो म्हणून ते निघाले. उतरताना त्यांनी जिन्यात मागे वळून पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात शामलाबाई झोपेत गेल्या. पाळक पोचले तेव्हा शेजारणी जमल्या होत्या. पेटी खोक्यातून बाहेर काढून पुसून ठेवलेली होती आणि तिच्या दोन बाजूंना दोन आसनं घातलेली होती.

त्यानंतर मंडळीचा आनंद आटला. नाव घेतलं गेलं की माणूस पडतो किंवा जातो, असं लोक कुजबुजायला लागले. काहींनी यायचं सोडलं. जे येत ते मूक प्रार्थनेत कानांवरून शाल ओढून घेत. शेवटी लक्ष्मीकांत पाळकांकडे आले. सरळ मनाचा माणूस, खोटं बोलता येत नव्हतं. ती शांतता बंद करा, मला घरी लेकीसुना आहेत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पाळकांनी वाद घातला नाही. मूक प्रार्थनेच्या जागी एक गायन ठेवायचं ठरलं.

पुढच्या रविवारी उपदेश संपताच रुचिकानं कीबोर्डवर सूर धरला आणि लोक जरा जास्तच मोठ्यानं गाऊ लागले. दुसऱ्या कडव्यात वीज गेली. कीबोर्ड बंद पडला. लोकांनी थोडं रेटलं, मग एकेक आवाज गळत गेला. बाहेर धुकं इतकं होतं की बाजारही ऐकू येत नव्हता. या वेळी पाळकांनी डोळे मिटले नव्हते. म्हणून त्यांना दिसलं. सगळे चेहरे एकदम वर झाले, आणि सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर येऊन थांबले.

त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

कोणाचं नाव, असं त्यांनी विचारलं. कोणी सांगेना. कुसुमताईंनी शाल आवरली आणि काठी टेकत निघून गेल्या. लक्ष्मीकांतांनी खाली पाहिलं. थोड्या वेळात चर्च रिकामं झालं. रुचिका तारा गुंडाळत मागे राहिली होती. पाळकांनी तिला विचारलं तेव्हा तिचे हात थांबले.

"तुमचं," ती म्हणाली. "तुमच्याच आवाजात. जैसे कोई रो रहा हो, तसं." आणि तीही घाईनं बाहेर पडली.

पाळक पुढच्या बाकावर बसले. त्यांनी प्रार्थना करून पाहिली, पण तोंडातून शब्द निघेना. आपला आवाज आपल्या आज्ञेत नाही हे एकदा कळलं की तो वापरायची भीती वाटते. त्यांनी स्वतःची नाडी पाहिली. छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. आणि मग त्यांना शामलाबाईंच्या घरातले आपण आठवलो, गॅसच्या नळीवर वाकलेले. त्या जाणारच होत्या. कोणाला ते थांबवता आलं नसतं. पण त्यांच्याजवळ कोणी तरी बसावं एवढ्यासाठी ते नाव घेतलं गेलं असेल, तर आपण काय केलं? नळ्या तपासल्या आणि जिन्याला घाबरून पळालो.

आणि आपल्याजवळ आता कोण बसणार, हाही विचार आला.

धुक्यातून ई-रिक्षाचा आवाज आला. रुचिका दिनकररावांना हाताला धरून आत आणत होती. चर्चमधून निघून ती सरळ त्यांच्या घरी गेली होती. तिसऱ्या मजल्यावरून वॉकर घेऊन उतरायला वेळ लागला, असं दिनकरराव म्हणाले आणि पाळकांच्या शेजारी बसले. त्यांनी तब्येत विचारली नाही. थोड्या वेळानं लक्ष्मीकांत बायकोला घेऊन आले. येताना मटाराची पिशवी आणली होती, कारण नुसतं बसायचं कसं ते त्यांना कळत नव्हतं. वर्तमानपत्र पसरून सगळे मटार सोलत बसले.

बऱ्याच वेळानं पाळक बोलायला लागले. मधुवंती गेल्यापासून, म्हणजे त्यांची बायको गेल्यापासून, त्यांनी सगळ्या मंडळीसाठी प्रार्थना केली होती, पण स्वतःसाठी एकदाही नाही. मागायला काही उरलंच नाही असं वाटायचं. हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला.

रुचिकानं मान वर केली. "हाच," ती हळूच म्हणाली. "असाच होता."

दिनकररावांनी आयुष्यात कधी चारचौघांत प्रार्थना केली नव्हती. पाळकांनी त्यांनाच करायला सांगितलं. त्यांनी अर्धी मराठीत, अर्धी हिंदीत, अडखळत केली.

पाळकांना काही झालं नाही. त्या आठवड्यात नाही, त्या हिवाळ्यातही नाही. मूक प्रार्थना परत सुरू झाली, आणि ती मागणी लक्ष्मीकांतांनीच केली.

ऊन तापायला लागलं तेव्हाची गोष्ट. शांततेत सगळ्यांच्या माना खाली होत्या आणि पाळकांना पहिल्यांदाच ऐकू आलं. मागच्या रिकाम्या बाकांवरून लक्ष्मीकांतांचा आवाज म्हणाला, "कुसुमताई." लक्ष्मीकांत पहिल्या ओळीत बसले होते, ओठ मिटून. दुसरं एकही डोकं वर झालं नाही. कुसुमताई त्या दिवशी आल्या नव्हत्या.

पाळकांच्या मानेवर काटा आला. पण उपासना संपल्यावर त्यांनी लक्ष्मीकांतांना बाजूला घेतलं आणि कुसुमताईंकडे जाऊ या, म्हणाले. संध्याकाळभर वेळ काढून चला. नाव आलं असणार हे ओळखून लक्ष्मीकांतांचा चेहरा उतरला. आवाज कोणाचा होता, असं त्यांनी विचारलं.

"ते जाऊ द्या," पाळक म्हणाले.

कुसुमताईंना थोडी कणकण होती, बाकी काही नाही. दोघं का आलेत, ते त्यांनी विचारलं नाही. पाळकांनी घरात काही तपासलं नाही. खुर्ची पलंगाजवळ ओढली, आणि त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं विचारलं की लहानपणी हे शहर कसं होतं. बाहेर सराफा बाजाराचे दिवे लागले तरी त्या सांगतच होत्या.