ताईच्या खोलीतलं धूड

सकाळी नऊ वाजता ताईने भिंतीवरचा तापमापक पाहिला आणि तोंड वाकडं केलं. चौतीस. बाहेर अंगावर शाल घ्यावी अशी हवा, आणि हिच्या खोलीत भट्टी. दहाच्या ठोक्याला तिने पंखा बंद केला, खिडक्या लावून घेतल्या, भिंतींना टेकवून उभ्या केलेल्या गाद्या सारख्या केल्या आणि मायक्रोफोनपुढे बसली. अकरा वर्षं ती पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करत होती. ज्यांना वाचता येत नाही त्यांची आणि ज्यांना वाचायचा कंटाळा येतो त्यांची, अशी दोघांचीही सोय ती करायची. पंख्याची घरघर किंवा रस्त्यावरचा एक हॉर्न आत आला तरी अख्खं पान पुन्हा वाचावं लागे. म्हणून वाचायचं ते वारा बंद करून.

भट्टीचं कारण कोपऱ्यात टेबलाखाली बसलं होतं, धाकट्या भावाचा कॉम्प्युटर. कॉम्प्युटर कसला, धूडच ते. त्याच्या खोलीत लावलं की फ्यूज उडायचा, आणि ताईच्या खोलीतली वायर जाड होती.

"ताई, दोनच महिने," तो म्हणाला होता. "बंगल्यांची चित्रं करायचं मोठं काम मिळालंय. तू वाचत असशील तेव्हा बंद ठेवीन, शप्पथ."

ताई विरघळली. आई गेल्यापासून या घोड्याचे सगळे लाड तिनेच पुरवलेले. त्याला नाही म्हणायची जिभेला सवयच नव्हती.

शब्द त्याने पाळला, ते नाकारून चालणार नाही. दहा ते एक धूड गप्प असे. उरलेले एकवीस तास मात्र ते गरम वारा ओकायचं, आणि गाद्यांनी मढवलेली ती खोली सगळी ऊब पोटात धरून ठेवायची. उपाय काय कमी झाले? आधी मागे टेबलफॅन लावला. त्याने गरम हवा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेली, एवढंच. मग पत्र्याचं काम करणाऱ्याला बोलावलं. त्याने खिडकीच्या एका तावदानाच्या जागी फळी बसवली, फळीला भोक पाडलं आणि स्वयंपाकघरातल्या चिमणीला असते तसली चंदेरी नळी धुडाच्या पाठीपासून बाहेर काढली. थोडी गरम हवा बाहेर गेली खरी, पण शेजारच्या गच्चीवरची भांडणं आत येऊ लागली. वाचताना नळीत जुनं पांघरूण कोंबावं लागायचं.

"बाई, हे जेवढी वीज खाणार तेवढी उष्णता टाकणारच," पत्रेवाला जाताना म्हणाला. "नळ्या कितीही लावा. त्याचं खाणं कमी करा."

धाकट्याला तसं सांगितलं, तर म्हणे काम लांबेल. मग ताईच गप्प बसली आणि मानेवर ओला नॅपकिन टाकून वाचू लागली. परिच्छेद संपला की तिच्या तोंडून आपसूक 'हुश्श' निघे. रेकॉर्डिंग तपासणाऱ्या संपादकबाई फोनवर चेष्टा करत, "तुमचे हुश्श कापून कापून माझी बोटं झिजली."

हे सगळं ताई सोसत होती ते एका पुस्तकासाठी. तीन भागांची मोठी कादंबरी, एका आईची, लग्नापासून मरणापर्यंतची. ती ताईच वाचणार, असं संपादकबाईंनी वर्षापूर्वी कबूल केलं होतं. ताईने ती हौसेने दोनदा वाचून काढली होती. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, सगळं मनाशी ठरलेलं होतं. काम सुरू करा, असा निरोप ईमेलवर यायचा होता, तोवर बारीकसारीक पुस्तकं चालू होती. ईमेल धाकटा बघायचा. रेकॉर्डिंगच्या फायलीही तोच पाठवायचा. ताईला त्या भानगडीत कधी गोडी नव्हती. महिनाभर ती विचारत होती, "आलं का रे काही?" आणि महिनाभर तो म्हणत होता, "अजून नाही."

त्या दुपारी साडेबाराला संपादकबाईंचा फोन आला.

"तिसरा भागही मिळाला हो! सुरेख झालाय."

"कशाचा तिसरा भाग?"

"कादंबरीचा! थट्टा करता की काय? फक्त तुमचे हुश्श या वेळी फारच झालेत. दर परिच्छेदाला एक, आणि सगळे एका मापाचे. अहो, बर्फात अडकलेला माणूससुद्धा हुश्श करतोय!"

"जरा ऐकवता का? शेवटचं पान."

बाईंनी लावलं. ताईने स्वतःचा आवाज ऐकला. स्वच्छ, गोड, एका शब्दावर अडखळत नव्हता. शेवटच्या पानावर मुलगा उशिरा घरी येतो आणि मेलेल्या आईला विचारतो, 'जेवलीस का?' त्या दोन शब्दांआधी ताई थांबणार होती. किती थांबायचं ते तिने वर्षभर घोकलं होतं. तो आवाज थांबलाच नाही. दुकानदाराला निरोप सांगावा तसं त्याने ते वाक्य उरकलं आणि तो म्हणाला, हुश्श.

"नंतर बोलते," एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

एक वाजता धाकटा धूड सुरू करायला आला.

"बंगले कसे चाललेत?" ताईने विचारलं.

तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याला सगळं कळलं. निदान कांगावा केला नाही.

"तुझ्यासाठीच केलं गं," तो म्हणाला. "तुझं अकरा वर्षांचं रेकॉर्डिंग ऐकवून या कॉम्प्युटरला तुझा आवाज शिकवला. हुबेहूब जमलं की नाही? या उकाड्यात तू किती दिवस घाम गाळणार? आता आराम कर. नाव तुझंच राहील."

"अरे गाढवा, उकाडा आणला कुणी?"

तो नळीतलं पांघरूण ओढून काढायला लागला.

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

हे तो अगदी खरं बोलला, आणि तेच ताईला सगळ्यात जास्त लागलं. जन्मभरात एकदाच ती नाही म्हणाली असती, ते त्याला ठाऊक होतं, आणि ते म्हणायची वेळच त्याने येऊ दिली नव्हती.

"कादंबरी तरी वाचलीस?"

"मी कशाला वाचू?"

"म्हणजे ती कुणीच वाचली नाही," ताई म्हणाली.

त्याच्यासमोरच तिने फोन लावला. "तिन्ही भाग टाकून द्या. ते मी वाचलेले नाहीत." झालेला प्रकार तिने चार वाक्यांत सांगितला.

"पण आवाज तुमचाच आहे हो," संपादकबाई म्हणाल्या. "मला काहीच कळलं नाही. अकरा वर्षं ऐकतेय तुम्हाला."

ताईने मानेवरचा ओला नॅपकिन काढून टेबलावर टाकला.

"आमच्याकडची खोली रिकामी आहे," बाई म्हणाल्या. "उद्यापासून इथेच येऊन वाचा."

फोन ठेवून ताई धाकट्याकडे वळली. "त्यात माझं जे काही आहे ते पुसून टाक. आत्ता, माझ्यासमोर."

तो खाली मान घालून बसला. बटणं दाबली, चौकटी उघडल्या, मिटल्या. ताई मागे उभी राहून पाहत होती आणि तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"पुसलं, ताई," तो म्हणाला. "काहीही ठेवलं नाही. चुकलो मी."

पडद्यावरून काही समजेना, म्हणून तिने कान दिला. नुसत्या आवाजावरून माणसाच्या मनातलं ओळखण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. याचा आवाज तर तिने तो बोबडं बोलत होता तेव्हापासूनचा ऐकलेला. आवाज जड होता, शेवटी किंचित कापला, अगदी खरा वाटला. फक्त खऱ्या वाटणाऱ्या आवाजाचं काय करायचं, हे आता तिला कळत नव्हतं.