बटणच्या वाटणीचं

बटण या घरात आली ती एका कोटाबरोबर. बाबांचं गिऱ्हाईक असलेल्या एक बाई कोट ढिला करायला घेऊन आल्या, गावाला जायचंय, दोन-चार दिवस हिला ठेवून घ्याल का म्हणाल्या. पुढे माणूस पाठवून त्यांनी कोट तेवढा नेला. बाबा अजून सांगतात, "बाई वक्तशीर हो फार. कुत्री तेवढी विसरल्या."

बाबा म्हणजे माझे सासरे. जन्म शिंपीकामात गेला. दुकान बंद केलं तरी मशीन सुटलं नाही. पुढच्या खोलीत खिडकीखाली ते मांडलेलं, बाजूला चिंध्यांची टोपली, आणि टोपलीत बटण. जातच अशी की पूर्ण वाढ झाली तरी ती बाबांच्या दोन तळव्यांत मावायची. कान मात्र कुणाकडून तरी उसने आणल्यासारखे मोठे. मशीन थांबलं की ते कान उभे राहायचे, कारण मशीन थांबणं म्हणजे बाबांनी काहीतरी खायला घेतलेलं असणं.

बाबा एकटे कधी खायचेच नाहीत. टोस्ट चहात बुडवला की कोपरा हिचा. अंडं उकडलं की बलक हिचा. लोण्याच्या सुरीवरचं बोटभर हिचं. "चवीपुरतं गं," म्हणायचे. "तिला कुठे पोट आहे खायला."

मी नोकरी करत होते तोवर हे सगळं मला गोड वाटायचं. ठकी झाली, मी रजा घेतली, आणि दिवसभर घरात राहिल्यावर दिसायला लागलं की ही चव दिवसातून कितीदा घेतली जाते. त्यात माझा स्वभाव. ठकीने वाटीतले किती चमचे खाल्ले, किती थुंकले, मला तोंडपाठ असतं. नवरा म्हणतो, "तू आई आहेस की तराजू?" मी हसते, पण तो कामावर गेला की पुन्हा मोजते.

बटण खोकायला लागली ते आधी माझ्याच कानांना कळलं. दारावर कुणी आलं, ती आनंदाने धावली, की घशातून बदकासारखा आवाज यायचा. मान ताठ करून, पाय फाकवून उभी राहायची आणि तो आवाज काढत राहायची. बाबा म्हणाले, "दोरा गिळला असेल." दोरा नव्हता. आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. मी बटणला घेतलं होतं, बाबांनी ठकीला.

डॉक्टर माझ्याच वयाच्या, बोलायला तिखट. काट्यावर ठेवल्या ठेवल्या त्यांनी भुवई वर केली.

"खाते काय ही?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी पंख्याकडे पाहिलं.

"तसं काही नाही," ते म्हणाले. "हे कुत्र्यांचे दाणे मिळतात ना, तेच. पण ते काही संपवत नाही ती."

"मग ही हवेवर वाढली का, आजोबा?"

बाबा ठकीला थोपटत राहिले. टोस्ट, बलक, लोणी, सगळं मग मीच सांगून टाकलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हिचं वजन दोन किलोच्या आसपास हवं, पाऊण किलो जास्त आहे. "ऐकायला काहीच वाटत नाही. पण आजोबा, तुमच्या पाठीवर पंचवीस किलोचं पोतं बांधलं आणि जिना चढा म्हटलं, तर? अशा लहान कुत्र्यांची श्वासनळी मुळात मऊ. वरून चरबीचा दाब आला की ती दबते, म्हणून हा खोकला. तुमचा एक टोस्ट म्हणजे हिच्या दिवसभराच्या जेवणाचा तिसरा हिस्सा." मग माझ्याकडे वळून, "दिवसाचे दाणे एका मुठीत मावतील एवढेच, आणि ते चारदा विभागून. वजन सावकाश उतरू दे. उपाशी मात्र ठेवायचं नाही. एवढ्याशा जिवात साठा नसतो, साखर उतरली की कोसळतात."

"आणि ते चवीपुरतं?" बाबांनी विचारलं.

"आता बंद. दोनवर आली की कधीमधी एखादा तुकडा चालेल."

"म्हणजे केव्हा?"

"ते वजनावर आहे, आजोबा. मी तारीख कशी सांगू?"

घरी येताना बाबांनी बटणला माझ्याकडून मागून घेतलं आणि सदऱ्याच्या आत छातीशी धरलं. बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, "जन्मभर लोकांची मापं घेतली, आता माझ्या कुत्रीचं माप बाई घेणार." थोड्या वेळाने पुन्हा, "कपड्याचं बरं असतं सूनबाई. शिवणीत माया ठेवलेली असते, माणूस सुटलं की उसवून ढिला करता येतो. हिला कुठून ढिली करायची?"

मी हसले. ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून बटणला मी खायला घालू लागले. दाणे काट्यावर तोलून चार छोट्या डब्यांत ठेवायचे. एक डबी बाबांच्या हातून दिली असती तर काय बिघडलं असतं, असं आता वाटतं. तेव्हा वाटलं, दोन हातांनी घातलं की ताळतंत्र राहत नाही. मोठ्या कुत्र्याला चार दाणे इकडे तिकडे झाले तर पत्ता लागत नाही, हिच्यात चार दाणे म्हणजे नाश्ता. आणि बाबांच्या हाताचा मला भरवसा नव्हता, हेही खरंच.

"या घरात बटणला फक्त मी देणार," असं मी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं.

नवरा म्हणाला, "ऐका बाबा, कायदा झाला. आता मला वाढतात का तेवढं बघा."

बाबा म्हणाले, "बरोबर आहे तिचं. अति तिथे माती."

खोकला कमी व्हायला लागला. काटा हळूहळू खाली येत होता. आणि बटण टोपलीतून उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन झोपायला लागली. मी पाणी प्यायला उठले तरी मागे. ठकीला अंघोळ घालत असले तरी दाराशी. बाबा मशीनवरून हाक मारायचे, "बटणबाई!" ती मान वर करायची, त्यांच्याकडे बघायची, आणि मान पुन्हा माझ्या चपलेवर टेकवायची.

"पोटाची वाट जिकडे, तिकडे कुत्रं," बाबा म्हणाले. "माणसाचं तरी काय वेगळं असतं?" चेष्टेतच म्हणाले. पण चहा ते गॅलरीत उभं राहून प्यायला लागले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तिच्यासमोर नाही गं गिळवत." मग मशीनही कमी चालायला लागलं. शेजारणीने पडदे टाचायला दिले होते ते घडीसकट पडून राहिले. दुपारी बघावं तर बाबा पलंगावर, भिंतीकडे तोंड करून.

मी नवऱ्याला म्हटलं, "मी त्यांची कुत्री पळवली रे."

तो म्हणाला, "परत दे मग. कुत्रीच आहे, दागिना नाही."

म्हणून मीच एका सकाळी चारही डब्या बाबांच्या मशीनवर नेऊन ठेवल्या. "आजपासून तुम्ही घाला. मापून मी देते."

"नको बाई. माझ्या हाताला खोड आहे."

"डबीत आहे तेवढंच घालायचं. खोड लागायला जागाच नाही."

त्यांनी एक डबी उचलून कानाशी हलवली, बटणं खुळखुळवून बघावीत तशी. "एवढंच?"

"एवढंच तिच्या वाटणीचं."

बाबांनी ते काम असं मनावर घेतलं की बघत राहावं. गळ्यात टेप, नाकावर चष्मा, "बटणबाई, पान वाढलंय" अशी आरोळी, आणि ती खाईपर्यंत समोर उकिडवं बसणं. आठवडाभरात बटण टोपलीत परतली. पडदे शिवून झाले. गॅलरीतला चहा मशीनवर आला, पण टोस्टशिवाय. तो मोह नकोच, म्हणाले. मी त्यांना वाखाणलं. काटा आता भराभर खाली येत होता, आणि मी तोही त्यांच्याच खाती मांडला. डॉक्टरांनी सावकाश म्हटलं होतं हे मला आठवत होतं. पण वजन उतरलेलं दिसलं की बरं वाटायचं, ठकीचं चढलेलं दिसलं की वाटतं तसं. ती जास्त झोपते हेही दिसत होतं. म्हटलं, खोकला नाही तर शांत झोप लागत असेल.

मग एका सकाळी बाबांची हाक आली. मोठ्याने नव्हती. "अगं, इकडे ये जरा."

बटण टोपलीतून बाहेर आली होती आणि चार पावलं टाकून कलंडली होती. मागचे पाय तिच्या ताब्यात नव्हते. उठायची, झुलायची, पुन्हा पडायची. मग उठायचीही थांबली. डोळे उघडे, पण बघत नव्हते. मी ठकीला तशीच जमिनीवर बसवली, पाण्यात साखर कालवली आणि बोटाने बटणच्या हिरड्यांना चोळत राहिले. तिची जीभ थंड लागली. ठकी रडत होती, आणि बाबा नुसते म्हणत होते, "माझी बटण, माझी बटण."

दवाखान्यात तिला सलाइन लावलं. एवढ्याशा पायाला सुई, आणि ती जागची हलू नये म्हणून चिकटपट्टी. डॉक्टर हात धूत विचारत होत्या.

"काल काय खाल्लं?"

"मापून दिलेलं," मी म्हटलं. "चारही वेळा. मीच तोलते."

"सगळं खाल्लं?"

"डब्या रिकाम्या होत्या."

बाबांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि बॉबिन ठेवायची पत्र्याची डबी बाहेर काढली. झाकण काढून त्यांनी ती टेबलावर ठेवली. दाण्यांनी काठोकाठ भरलेली होती.

"दर वेळचं थोडं मी मागे ठेवत होतो," ते म्हणाले.

डॉक्टरांचा आवाज चढला. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तुम्हीच म्हणालात ना बाई, वजनावर आहे. म्हटलं लवकर हलकी झाली तर लवकर..." त्यांनी डबीचं झाकण पुन्हा लावायला घेतलं, ते वाकडं बसलं. "एक तुकडा तर द्यायचा होता."

डॉक्टरांनी टॉवेल बाजूला ठेवला, खुर्ची ओढून बाबांपुढे केली आणि म्हणाल्या, "वाचेल ती, आजोबा. बसा."

बटण वाचली. संध्याकाळी घरी आणली तर ती थकलेली होती, पण शेपूट हलत होतं. बाबांनी तिला टोपलीत ठेवलं, अंगावर मऊ चिंधी घातली, आणि आत येऊन चारही डब्या धुतल्या. पुसून, एकावर एक रचून ओट्यावर ठेवल्या.

"तूच बघ आता."

"बाबा, असं नका करू. तुम्ही काय मुद्दाम केलं का? तुमच्या हातून अजूनही..."

"मी आधी जास्त घालून मारत होतो. मग कमी घालून. ज्याला दोन्हीकडून चुकता येतं त्याने कात्री खाली ठेवावी."

"मी लक्ष द्यायला हवं होतं."

"तू देतच होतीस की," बाबा म्हणाले. तो टोमणा होता की समजूत, मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही, आणि विचारण्याची छाती झाली नाही.

आता बटण दोन किलो आहे. खोकत नाही. डॉक्टर खूश आहेत. कधीमधी तुकडा द्यायला हरकत नाही म्हणाल्या. मी बाबांना येऊन तसं सांगितलं, दोनदा सांगितलं. "बरं झालं," ते म्हणाले, आणि सुईत दोरा ओवत राहिले. ती माझ्या पायाशी झोपते. मी तिला हुसकून लावते, उचलून त्यांच्या टोपलीत नेऊन ठेवते. मी स्वयंपाकघरात पोहोचेपर्यंत ती माझ्या आधी तिथे असते. मापात मी काही चुकले असं मला आजही वाटत नाही. दुसरं काहीतरी हातून गेलं, त्याला काटा नाही.

काल दुपारी बाबा खिडकीशी केळं सोलून बसले होते. ठकी आता धरून धरून चालते. ती पलंगाच्या कडेने सरकत त्यांच्यापर्यंत पोहोचली, त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि तोंड उघडून वाट बघायला लागली. केळं ती रोज खाते. माझ्या हातून अर्धं अर्धं खाते.

बाबांनी केळ्याचा तुकडा मोडला. मग माझ्याकडे बघितलं.

"देऊ का गं?"

"अहो बाबा, विचारता काय? तुमची नात आहे."

"तसं नाही. मघाशी जेवली असेल."

त्यांनी तुकड्याचे दोन तुकडे केले. त्यातल्या एकाचे पुन्हा दोन. त्यातला लहान तळहातावर ठेवून तो हात त्यांनी माझ्याकडे केला, मला नीट दिसावा म्हणून. ठकीचं तोंड उघडंच होतं.

मी मान हलवली. मग त्यांनी तो तिच्या तोंडात घातला.