कापलेली रेघ

बाबांचा धंदा पुस्तकबांधणीचा आणि वेड ‘गो’चं. रेघांच्या पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडून जागा वेढायचा हा खेळ. सुरुवात कोपऱ्यातून होते, आणि तिथे समोरच्याने काय मांडलं की काय उत्तर द्यायचं याचे ठरलेले नमुने जाडजूड पुस्तकांत असतात. आमच्याकडे तसलं एक पुस्तक होतं, रद्दीतून आलेलं, पार खिळखिळं. बाबांनी ते नव्याने शिवलं, कापडी पुठ्ठा चढवला आणि त्यावरून मला अन् दादाला शिकवलं. आमच्या घरात ते पुस्तक म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

दादा हुशार. मी आपली हरायला बसायचे. एका मोठ्या स्पर्धेत तो घरी घोटलेला नमुना पहिल्याच कोपऱ्यात खेळला आणि समोरचे गृहस्थ हसले. मग बघणारेही हसले. त्याची सोंगटी एक रेघ खाली, पटाच्या काठाला चिकटून पडली होती. असं कोणीच खेळत नाही.

घरी येऊन त्याने पुस्तक उघडलं. बांधणीनंतर पानांच्या कडा सारख्या करताना बाबांच्या कटरने त्या चित्रातल्या पटाची शेवटची रेघच उडवली होती. आम्ही दोघं बिचारे त्या कापल्या कडेलाच पटाचा काठ समजून मोजत आलो होतो.

"रेघ तुम्ही कापलीत," दादा म्हणाला.

"छपाईतच चूक असेल," बाबा म्हणाले. चूक कबूल करायची म्हणजे त्यांच्या अगदी जिवावर यायचं.

शब्दाने शब्द वाढला. दादा गेला तो गेलाच. ना पत्ता, ना फोन. दोघंही एकाच माळेचे मणी, समजावायचं तरी कोणाला?

शेवटच्या आजारात बाबांनी माझा हात धरला. "त्याला सांग, रेघ मीच कापली. मला तेव्हाच कळलं होतं." एवढं म्हणायला एवढी वर्षं. मला त्यांचा रागही आला आणि रडूही.

बाबा गेले. दादाला कळवणार कुठे? तेव्हापासून मी संगणकावर अनोळखी लोकांशी खेळते आणि प्रत्येक डावात मुद्दाम तीच चुकीची चाल करते. लोक मला धुऊन काढतात. एकाने तर पुस्तक वाचायचा सल्ला दिला. त्याला काय सांगणार, पुस्तक वाचूनच ही गत झाली आहे.

काल दुपारी तशीच सोंगटी ठेवली. समोरून उत्तर आलं, तेही एक रेघ खाली. हे उत्तर आमच्या घराबाहेर कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

मी लिहिलं, "दादा?"

"अजून ह्याच चालीवर हरतेस होय गं?"

"बाबांनी तुला सांगायला सांगितलंय, रेघ त्यांनीच कापली."

त्याने लिहिलं, "राग केव्हाच गेला गं. लाजेनं येत नव्हतो. येतो आता. तू ऊठ, त्यांना बसव समोर. हा डाव त्यांच्याशी पुरा करतो."

बाबा गेलेत, एवढं मला लिहिता येईना. डोळ्यांपुढे पट नीट दिसेना. चालीचा वेळ संपत आला, म्हणून कुठेतरी एक सोंगटी ठेवून दिली.

लगेच अक्षरं उमटली. "ही बाबांची चाल. ओळखली मी."