बीम चढलेला माग

मित्रांनो, मी जरा मोठ्यानं बोलतो, राग मानू नका. सगळा जन्म खडखडाटात गेला, हळू बोलायला मला कुणी शिकवलंच नाही. विट्याच्या एका गल्लीतला मी जुना यंत्रमाग. अंग बिडाचं, धोटा लाकडाचा आणि तोंड फटकळ. माझ्या धन्याचं नाव इलाही, मालकिणीचं झुबेदा. मला मोडून भंगारात घालायचं ठरलं होतं. ते कसं फसलं, हे सांगायलाच आज तोंड उघडलं आहे.

आधी माझं काम समजून घ्या. उभे धागे गुंडाळलेला मोठा रूळ माझ्या पाठीला चढवतात, त्याला बीम म्हणतात. धोटा आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो आणि कापड तयार होतं. बीम संपलं तरी शेवटचे धागे काढून टाकत नाहीत. ते माझ्या अंगावर तसेच ठेवतात आणि नव्या बीमचा एकेक धागा त्यांना गाठ मारून जोडतात. म्हणजे बघा, इलाहीच्या वडिलांनी जोडलेला धागा माझ्या अंगावर अजून चालूच आहे. आमच्या गल्लीची आणखी एक रीत आहे. बीम चढलं आणि पहिली गाठ पडली, की तो माग भरला. भरल्या मागावर कुणी घण घालत नाही, आणि बीम सोडवायचं तर ज्यानं गाठ मारली त्यानंच सोडवायचं. जेवत्या माणसाला ताटावरून उठवत नाहीत, तसंच ते.

माझे चांगले दिवस खरोखर चांगले होते. झुबेदाची मुलगी आसिया माझ्याशेजारी पाळण्यात झोपायची. वीज गेली की मी थांबायचो आणि ती रडत उठायची. माझ्या पांढऱ्या पॉपलीनला पेठेत मान होता. 'इलाहीचं कापड आहे' म्हटलं की व्यापारी उलटून बघत नसे. मला त्याचा गर्व होता, आणि का नसावा?

पण सुगीत सगळ्यांनाच शहाणपण सुचतं. शेजारच्या उमानं दोन माग घातले. पलीकडच्या धैर्यशीलनं चार घातले. शेजाऱ्याचं खपतंय ना, मग आपलंही खपेल, असं म्हणत सगळी गल्ली तेच पांढरं पॉपलीन विणू लागली.

मग देशभर मंदी आली. ती काही एका दिवसात आली नाही. साताऱ्याकडच्या एका कारखान्यात गाड्यांचे भाग पडून राहिले, म्हणून कामगारांना निम्मेच दिवस काम मिळू लागलं. त्या कामगारांनी सणाला नवा सदरा घेतला नाही. दुकानदारानं पेठेतून कापड उचललं नाही. पेठेनं आमचं कापड परत पाठवलं. इलाहीनं जुनी गाडी बदलायचा विचार सोडला, आणि साताऱ्याच्या कारखान्यात आणखी भाग पडून राहिले. प्रत्येकानं भिऊन हात आखडला. भीती फिरून फिरून ज्याच्या त्याच्या दाराशी आली.

आमच्या गल्लीनं तर कमालच केली. भाव पडला म्हणून प्रत्येकानं रात्रंदिवस माग चालवले. कापड वाढलं, भाव आणखी पडला. बाबांनो, थांबा, असं मी ओरडत होतो. पण माझं ओरडणं म्हणजे आणखी कापडच की!

शेवटी एकेक माग बंद पडला. इलाही सांगलीला विश्रामबागेत एका इमारतीवर राखणदार म्हणून राहिला. उमाचा नवरा गंगाधर महाबळेश्वरला टॅक्सी चालवायला गेला, तर तिथली हॉटेलंही ओस पडलेली. आसियाचं कॉलेज अर्ध्यावर सुटलं. ती पोर रोज माझ्यावरची धूळ पुसायची. तेव्हा मला फार वाईट वाटायचं.

अशात नाथाजी भंगारवाल्याचा टेम्पो गल्लीत शिरला. इलाही सुट्टी काढून आला आणि त्यानं मला द्यायचं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उमाचे माग आधी मोडायला घेतले. तिचं अर्धं विणलेलं बीम तिनंच सोडवून अंगणात ठेवलं होतं. घणाचा पहिला आवाज आला तसं माझं बीडसुद्धा थरथरलं. खोटं कशाला सांगू, मी भ्यालो.

झुबेदा पदर खोचून उमाच्या अंगणात गेली.

"उमा, तुझं बीम दे मला."

"भाभी, त्येचं काय करताय आता?"

"मागावर चढवतीया. धर तिकडनं."

गल्लीतल्या बायकांनी ते जड बीम उचलून आणलं. सगळी गल्ली एकच कापड विणायची ना, म्हणून उमाचे धागे माझ्या धाग्यांना बरोबर जुळले. ज्या चुकीनं गल्ली बुडाली, तीच त्या दिवशी माझ्या कामी आली! धागा निसटू नये म्हणून झुबेदानं राखेत बोटं बुडवली आणि पहिली गाठ मारली.

नाथाजी घण घेऊन दारात आला. मागोमाग इलाही.

"झुबेदा, सोड. मी शब्द दिलाय."

"शब्द तुमी दिलाय, धागा मामंजींचा हाय. आन् आवं, उद्या बाजार उठला तर इणायचं कशावर? घणावर?"

"भाभी, ह्यो चावटपणा झाला," नाथाजी म्हणाला. "काल तर माग मोकळा हुता."

"आज भरलाय. रीत मोडायची आसंल तर घाला घण. मी न्हाई हटणार."

नाथाजी त्या गाठीकडं बघत राहिला. त्याच्याही घरी एके काळी माग होते. मग त्यानं घण खाली ठेवला. "भरल्या मागावर म्या न्हाई घालणार, इलाहीभाई. माझ्या बानं बी घातला नसता."

टेम्पो गेला. मग इलाहीनं राखेची वाटी ओढली आणि दुसऱ्या कडेनं गाठी मारायला बसला.

मित्रांनो, मंदी संपली असं मी सांगणार नाही. मी एकाच पाळीत चालतो. पण आता मी पॉपलीन नाही, रंगीत काठाचे पंचे विणतो. इलाही राखणदारी सोडून परतला आहे, तो ते कोरेगावच्या बाजारात नेतो. मागावर एक दिवस झुबेदा उभी असते, एक दिवस उमा. आसिया पुन्हा कॉलेजात जाते.

माझं मागणं थोडंच आहे. वाईट दिवसांत हातातलं हत्यार मोडू नका, आणि शेजाऱ्याचा धागा तुटताना बघत बसू नका. उमाचे दोन्ही माग गेले, पण तिचा धागा माझ्या अंगावर अजून चालू आहे. नवं बीम आलं की पहिली गाठ तीच मारते.

नाथाजीचा टेम्पो अजूनही अधूनमधून गल्लीतून जातो. तेव्हा मी मुद्दाम जोरात वाजतो.